रात्री दोनचा अलर्ट आणि भट्टीची भिंत

या वेळी पत्रांचा ढीग मोठा होता आणि विषय जवळजवळ एकच: नेटवर्कचे स्विच (कॉम्प्युटर, कॅमेरे एकमेकांना जोडणारी यंत्रं), सर्व्हर, यूपीएसमधले सेन्सर जे अलर्ट पाठवतात, त्यांचं करायचं काय? मे महिना म्हटल्यावर उकाड्याची पत्रं येणार हे धरलंच होतं. पण सगळ्यात चांगलं पत्र निघालं ते रात्रीच्या अलर्टचं, म्हणून ते आधी घेते. पत्रं लांबलचक होती, इथं कामापुरतीच देतेय, आणि प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर.

ताई, आमची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. नेटवर्क, कॅमेरे, हजेरीचं मशीन सगळं माझ्याकडंच. मेल्टिंगजवळच्या पॅनेलमध्ये एक स्विच आहे. त्याच्या तापमानाचा अलर्ट रोज रात्री दीड-दोनच्या पुढं सुरू होतो आणि पहाटेपर्यंत येत-जात राहतो. दुपारी ऊन रणरणत असताना मात्र एकही नाही! ग्रुपवर मेसेजचा इतका पाऊस पडतो की मालक म्हणाले, मलाच त्या ग्रुपमधून काढ. व्हेंडर म्हणतो सेन्सर गेलाय, अलर्ट बंद करा. करू का?

नका करू. गेलेला सेन्सर घड्याळ बघून बिघडत नाही. तो अडकतो, म्हणजे दिवसरात्र एकच आकडा दाखवतो, नाहीतर कुठल्याही वेळी वेडेवाकडे आकडे फेकतो. तुमचा सेन्सर रोज ठरल्या वेळी चढतोय आणि ठरल्या वेळी उतरतोय. म्हणजे तो चोख काम करतोय आणि त्या वेळी खरंच काहीतरी तापतंय.

तुमच्याकडं हीट, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, रात्री लागते ना? पत्रात लिहिलं नाहीत, पण 'मेल्टिंगजवळचं पॅनेल' वाचूनच मला शंका आली. मागच्या महिन्याचा ग्राफ उघडा आणि ज्या रात्री भट्टी बंद होती त्या रात्रीची रेघ बघा. ती सपाट असेल तर उत्तर मिळालं. पॅनेल भट्टीच्या बाजूच्या भिंतीला ठोकलेलं असणार आणि भिंत तापून ती उष्णता आत पोचायला तासभर लागत असणार. वेळ सरकलेली दिसते ती त्यामुळं.

आता पॅनेलपाशी जा, पण मोबाईलवर ग्राफ उघडा ठेवूनच. त्या स्विचमध्ये बहुधा एकापेक्षा जास्त सेन्सर आहेत: हवा आत येते तिथला, आतल्या मुख्य चिपजवळचा आणि पंख्याच्या फेऱ्यांचा. एकट्याचा आकडा बघून काही कळत नाही, तिघांना एकत्र वाचायचं. आत येणारी हवाच गरम आणि पंखा जोरात, तर दोष खोलीचा किंवा भिंतीचा. हवा ठीक, पंखाही जोरात, पण चिप तापलेली, तर आत धूळ बसलीय. आणि तापमान चढतंय पण पंख्याच्या फेऱ्या उतरतायत, तर पंख्याचं बेअरिंग संपत आलंय. तो पंखा या आठवड्यातच बदलायचा. याच पॅनेलमध्ये कॅमेऱ्याचा रेकॉर्डर असेल तर त्याच्या डिस्कचं तापमानही बघा. शेजारीही तापला असेल तर स्विचला कशाला दोष द्यायचा?

फौंड्रीतल्या धुळीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरून येणाऱ्या इंजिनिअरांना ही धूळ ठाऊक नसते. ऑफिसातली धूळ म्हणजे कापडाचे तंतू आणि माती. आपल्याकडच्या शेडमधल्या धुळीत वाळू असते, कोळशाची पूड असते आणि ग्राइंडिंगमधून उडालेला लोखंडाचा बारीक चुरा असतो. पॅनेलच्या जाळीवर चुंबक फिरवून बघा, काळी लव चिकटून येते. हा चुरा वीज वाहतो. तो सर्किटच्या दोन टोकांवर बसला आणि पावसाळ्यात वर दमट हवा लागली की स्विच कारण न सांगता मरतो. त्यामुळं कॉम्प्रेसरची हवा मारून पॅनेल साफ करायचं नाही. त्यानं चुरा आणखी आत जातो, आणि त्या हवेत पाणी आणि तेल असतं ते वेगळंच. वीज बंद करायची आणि व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचं. पॅनेलला नुसता एक्झॉस्ट पंखा बसवलाय का? मग तो बाहेरची धूळ आत ओढायचंच काम करतोय. पॅनेल बंदिस्त करून त्याला छोटा पॅनेल एसी लावा, किंवा सरळ पॅनेलच दुसऱ्या भिंतीवर न्या. दुसरा उपाय बहुतेक वेळा स्वस्त पडतो. मालकांना केबलचा खर्च दिसतो, स्विचचा दिसत नाही. तो तुम्ही कागदावर मांडून द्या.

आणि मेसेजचा पाऊस. तो पडतो कारण अलर्ट ज्या आकड्याला लागतो त्याच आकड्याला सुटतो. मर्यादा ५५ आणि तापमान ५४-५६ मध्ये झुलतंय, की लागला-सुटला-लागला रात्रभर. लागायची मर्यादा ५५ आणि सुटायची ५० ठेवा. यंत्रांवर नजर ठेवणारं झॅबिक्स हे सॉफ्टवेअर असेल तर त्यात रिकव्हरीची, म्हणजे अलर्ट सुटायची, अट वेगळी लिहिता येते. नागिऑस या तशाच सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच चुकलेल्या तपासणीवर मेसेज न जाता सलग काही तपासण्या चुकल्यावर जावा, असं ठेवता येतं.

शेवटचं, आणि हे लिब्रेएनएमएस हे नजर ठेवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सगळ्यांसाठी. यंत्रानं स्वतःची मर्यादा कळवली नाही, तर ते सॉफ्टवेअर अंदाजानं ठरवतं. यंत्र पहिल्यांदा सापडलं तेव्हा जे तापमान होतं, त्यात २० अंश मिळवून वरची मर्यादा आणि १० वजा करून खालची. म्हणजे जानेवारीच्या सकाळी २६ असताना जोडलेला स्विच ४६ ला बोंब मारणार, आणि मे महिन्याच्या दुपारी ४२ असताना जोडलेला डिसेंबरात 'फार थंडी वाजतेय' म्हणून अलर्ट धाडणार. हे आकडे यंत्राच्या माहितीपत्रकातून घेऊन हातानं भरायचे असतात. पत्रकात दोन वेगळे आकडे असतात हेही ध्यानात ठेवा. ऑफिसासाठीचे साधे स्विच भोवतालची हवा ४० ते ४५ अंशांपर्यंत असेल तिथंच चालवायचे असतात, पण आतल्या चिपला ६०-६५ अंश म्हणजे रोजचंच. चिपच्या सेन्सरला हवेची मर्यादा लावून बसलेली माणसं मी बरीच पाहिलीत.

मॅडम, उचगावला माझा ऑटो पार्ट्सचा कारखाना आहे. सर्व्हरवर पैसे घातले, त्याच्यावर नजर ठेवायला पुन्हा पैसे घातले. आता आमचं आयटीचं पोरगं रात्री तीनला अलर्ट आला की उठून येतंय आणि सकाळी विचारलं तर 'काय नाही, आपोआप गेलं' म्हणतंय. हे असं चालायचं का?

नाही चालायचं. चार महिन्यांत ते पोरगं एकतर फोन सायलेंटवर टाकील, नाहीतर पुण्याला नोकरी बघेल.

आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेच्या पुराचं उदाहरण घ्या. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ला कुणी घर सोडत नाही. सामान वर ठेवायला सुरुवात होते, जनावरं हलवायची तयारी होते. ४३ ला माणसं हलतात. दोन आकडे आहेत कारण दोन वेगळी कामं आहेत. तुमच्याकडं बहुतेक एकच आकडा आहे आणि तो ३९ ला सगळ्यांना घराबाहेर काढतोय.

त्या पोराला सोबत घेऊन एका दुपारी बसा. एकेक अलर्ट घ्या आणि विचारा, हा आला तर रात्री उठून तू नेमकं काय करणार? उत्तर देता आलं तर ते उत्तर अलर्टच्या मजकुरातच लिहून ठेवा: कुठल्या खोलीत जायचं, चावी कुणाकडं, कुठला स्विच बंद करायचा. उत्तर 'सकाळी बघणार' असेल तर तो अलर्ट सकाळी नऊला एका मेलमध्ये येऊ दे. आणि उत्तरच नसेल तर त्याचा नुसता ग्राफ राहू दे, मेसेज नको.

माझ्या हिशेबानं रात्री माणूस उठवावा असे हार्डवेअरचे प्रसंग मोजकेच. यंत्र स्वतःला बंद करून घेईल इतकं तापमान. सर्व्हरला वीज देणारे दोन्ही पॉवर सप्लाय संकटात. यूपीएस बॅटरीवर गेलाय आणि उरलेला वेळ सर्व्हर नीट बंद करायला लागतो त्याच्या जवळ आलाय. रेडमध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून जोडलेल्या डिस्कांत) एक गेल्यावर दुसरी डिस्कही जाणं. आणि खोलीत पाणी. सहातला एक पंखा थांबला, हे सकाळचं काम आहे.

आणखी एक. तापमान सावकाश चढतं, म्हणून त्याच्या अलर्टला दहा-पंधरा मिनिटं थांबवून मग पाठवलं तर बिघडत नाही, आणि 'आपोआप गेलेले' निम्मे तिथंच गळतात. एसीचा एकच कॉम्प्रेसर दर तासाला विश्रांती घेत असेल तर त्याचेही. पाण्याच्या अलर्टला मात्र एक मिनिटही थांबवायचं नाही.

ताई, गडहिंग्लजच्या एका पतसंस्थेत मी नवीन लागलोय. सर्व्हरचा एक पॉवर सप्लाय गेला असा अलर्ट महिनाभर लाल आहे. सर्व्हर चालू आहे. साहेब म्हणतात, दुसरा आहे की, मार्चनंतर बघू.

साहेबांना नम्रपणे सांगा, साहेब, दुसरा आहे म्हणूनच पहिला आत्ता बदलता येतोय, तोही सर्व्हर बंद न करता. दुसरा गेला की मार्चही बघायला मिळणार नाही.

पण पार्ट मागवायच्या आधी एक गोष्ट तपासा. अलर्टचे शब्द नीट वाचा. 'सप्लाय निकामी' आणि 'इनपुट नाही' हे दोन वेगळे अलर्ट असतात. इनपुट नसेल तर सप्लाय चांगला आहे, त्याच्यापर्यंत वीजच येत नाही: वायर सैल, सॉकेट बंद, नाहीतर सफाईच्या वेळी कुणाचा तरी धक्का. सर्व्हरच्या आत आयपीएमआय नावाची व्यवस्था असते. ती स्वतःची घटनांची नोंद ठेवते आणि मुख्य सर्व्हर बंद असला तरी वाचता येते. 'आयपीएमआयटूल' या प्रोग्रॅमनं ती नोंद, म्हणजे एसईएल यादी, काढा, पहिली घटना कुठल्या तारखेची ते बघा. त्याच वेळी महावितरणची वीज गेली-आली होती का, हे शिपायाला विचारा, तो सांगेल.

बदलताना मागचा दिवा बघून, बे म्हणजे खाच्याचा क्रमांक जुळवून, मगच हात घाला. घाईत चालू सप्लाय उपटून संपूर्ण शाखा बंद पाडणं फार सोपं आहे. आणि दोन्ही सप्लायच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात आहेत का, तेही बघा. असतील तर एक यूपीएसवर आणि एक दुसऱ्या लाइनवर घ्या, नाहीतर दोन सप्लाय असून नसल्यासारखे.

नवा बसवल्यावर अलर्ट हिरवा झाला नाही तर घाबरू नका. काही सर्व्हरांत जुनी नोंद हातानं पुसावी लागते. पुसायच्या आधी ती फाइलमध्ये उतरवून ठेवा, वॉरंटीवाले मागतात.

राजारामपुरीत आमचं हॉस्पिटल आणि पलीकडच्या इमारतीत लॅब. मध्ये फायबर आहे. लॅबच्या बाजूला 'आरएक्स पॉवर लो' (मिळणारा प्रकाश कमी) असा अलर्ट येतो, उणे १३ वगैरे दिसतं. रिपोर्ट तर येतात, कधीतरी अडकतात. फायबरवाला येऊन 'लाइट आहे' म्हणून गेला.

लाइट आहे हे खरं, पण किती आहे ते विचारायला हवं होतं.

हा सेन्सर फायबरच्या मोड्यूलमध्येच, म्हणजे फायबर स्विचला जोडणाऱ्या छोट्या भागातच, बसलेला असतो. तो पाच गोष्टी सांगतो: मोड्यूलचं तापमान, व्होल्टेज, लेझरला दिलेला करंट, पाठवलेला प्रकाश आणि मिळालेला प्रकाश. प्रकाश डीबीएम या एककात मोजतात आणि त्यात दर ३ नं घट म्हणजे प्रकाश निम्मा. बसवला तेव्हा उणे ४ होता आणि आता उणे १३ असेल, तर आठ भागांतला एकच भाग पोचतोय. दहा गिगाबिटच्या दहा किलोमीटरवाल्या नेहमीच्या एलआर मोड्यूलची सहनशक्ती साधारण उणे १४.४ ला संपते. म्हणजे तुम्ही काठावर उभे आहात, म्हणून 'कधीतरी अडकतं'. एका गिगाबिटचं मोड्यूल असेल तर आणखी थोडी जागा आहे, पण दोन इमारतींमधल्या एवढ्याशा अंतरात इतका प्रकाश हरवायचं काही कारणच नाही.

आता हॉस्पिटलच्या बाजूचा 'पाठवलेला प्रकाश' बघा. तो पहिल्यासारखाच असेल तर लेझर चांगला आहे, प्रकाश वाटेत गळतोय. तो कमी असेल, किंवा तितकाच असून लेझरचा करंट महिन्यांमागं महिने चढत गेला असेल, तर लेझर म्हातारा झालाय, मोड्यूल बदला.

वाटेत गळण्याचं पहिलं कारण कनेक्टरवरची घाण, आणि हे इतक्या वेळा खरं ठरतं की मी दुसरं काही बघायच्या आधी तेच साफ करते. त्यासाठी पेनसारखा क्लीनर मिळतो. शर्टाच्या टोकानं पुसायचं नाही, आणि पुसल्यावर बोट तर अजिबात लावायचं नाही. दुसरं कारण केबलला पडलेली घडी: फर्निचरवाल्यानं कपाट सरकवलंय का, कुणी केबल टायनं करकचून आवळलीय का ते बघा. तिसरं उंदीर. फायबरच्या टोकात डोकावून 'लाइट' बघायचा नाही. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

दुरुस्तीनंतर जो आकडा येईल तो तारीख घालून पॅनेलच्या दारावर चिकटवा आणि अलर्ट त्या आकड्याच्या ३ खाली लावा. कारखान्यातून आलेली मर्यादा मोड्यूल बंद पडायच्या जरा आधी ओरडते. तुम्हाला घाण बसायला लागली तेव्हाच कळायला हवं.

शाहूपुरीत दुकान, तळघरात यूपीएस आणि रॅक (सर्व्हर-स्विचचं कपाट). 'बॅटरी तापमान ३६' असा अलर्ट रोज. यूपीएस उत्तम चालतोय. लक्ष द्यावं का?

द्यावं, आणि दोन कारणांनी.

सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर ८-१० अंशांना ते साधारण निम्मं होतं. म्हणजे पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी तुमच्या तळघरात अडीच वर्षांत संपणार. यूपीएस उत्तम चालतोय हे तुम्हाला वीज आहे तोवरच वाटतंय. बॅटऱ्यांची पेटी भिंतीला खेटून असेल तर ओढा, वाऱ्याला वाट द्या. आणि एखादी बॅटरी फुगलीय का ते टॉर्च लावून बघा. सगळ्या सारख्याच गरम असतील तर दोष खोलीचा, एकच जास्त गरम असेल तर ती लगेच काढून घ्यायला सांगा.

दुसरं कारण तुम्ही विचारलं नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. जमिनीवर टाकायचा पाण्याचा सेन्सर फार महाग नसतो. तो जिन्याच्या पायथ्याशी आणि ड्रेनच्या तोंडाशी ठेवा, कारण तळघरात पाणी दारातून यायच्या आधी बऱ्याचदा ड्रेनमधून वर येतं. त्याची तपासणी ओलं फडकं ठेवून दर जूनला करा आणि मेसेज खरंच फोनवर येतो का बघा. हा सेन्सर ज्या स्विचला जोडाल तो तळघरात नको, वरच्या मजल्यावर हवा. पाण्याखाली गेलेल्या स्विचकडून मेसेज येत नाही. आणि खरं सांगू? पावसाळ्याच्या आधी रॅकच वर न्या.

थोडक्यातली काही.

सेन्सर उणे १२८ अंश दाखवतोय (कागल). तिथं सेन्सर जोडलेलाच नाही. बोर्डवरच्या चिपला आठ जागा, कारखान्यानं वापरल्या पाच. रिकाम्या जागा उणे १२८ किंवा १२७ असले आकडे देतात. त्या यादीतून काढून टाका.

फर्मवेअर अपडेटनंतर तापमान ४१० अंश! (जयसिंगपूर). दशांशचिन्ह हरवलंय. एसएनएमपीवर (यंत्रं आपली माहिती ज्या पद्धतीनं कळवतात तिच्यावर) यंत्र ४१० हा पूर्णांक पाठवतं आणि शेवटचा अंक दशांशाचा आहे, हे वेगळं सांगतं. अपडेटमध्ये ते सांगणं बदललं किंवा तुमच्या सॉफ्टवेअरनं जुनंच धरून ठेवलं. यंत्राचा शोध पुन्हा चालवा. अपडेटनंतर कधीकधी सेन्सरांचे क्रमांकही बदलतात, तेव्हा जुने मेलेले सेन्सर यादीत उरलेत का तेही बघा.

'व्हीबॅट लो' म्हणजे यूपीएसची बॅटरी का? (इचलकरंजी). नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी. किरकोळ किमतीची आहे, पण ती संपली आणि वीज गेली की सर्व्हरचं घड्याळ मागं जातं आणि मग बिलांवर भलत्याच तारखा छापल्या जातात. पुढच्या सुट्टीला बदला. बायोसच्या (सर्व्हर सुरू होताना वापरतो त्या) सेटिंगचे फोटो आधी काढून ठेवा.

डिस्कचा स्मार्ट अलर्ट (डिस्क स्वतःची तब्येत कळवते तो), क्रमांक १९९ वाढतोय. डिस्क बदलू? (गांधीनगर). आधी केबल बदला. १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या चुका, आणि त्या बहुतेक वेळा सैल किंवा खराब केबलच्या असतात. झालेला आकडा कमी होत नाही, तो वाढायचा थांबला का एवढंच बघायचं. क्रमांक ५ किंवा १९७ (डिस्कवरच्या खराब जागा) वाढत असते तर म्हटलं असतं, आजच बॅकअप घ्या आणि उद्या डिस्क आणा.